फोटो पाहुण्यांना, कागदपत्रं घरच्यांना

गणपतीला घरी पंधरा-वीस माणसं येणार. घरातल्या लग्नाचे सगळे फोटो घरच्या सर्व्हरवर आहेत आणि ते प्रत्येकाला हवेत. मग प्रत्येकाला आपला पासवर्ड सांगायचा का? आणि पासवर्डाशिवाय उघडं ठेवलं, तर त्याच डिस्कवरची पॅनकार्डं, बँकेची स्टेटमेंटं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हेही कुणीही उघडून बघेल का?

घरात छोटा सर्व्हर बसवलेल्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. आपला पासवर्ड कुणालाही न सांगता, बाकीचं काहीही उघडं न पडता, फक्त फोटो दाखवता येतात. त्यासाठी एक गोष्ट आधी नीट समजायला हवी. पाहुण्याला आत घ्यायचं की नाही, हे सर्व्हर एका जागी ठरवत नाही. ते तीन जागी ठरतं, आणि घोटाळा होतो तो एक जागा उघडून बाकीच्या दोन विसरल्यामुळे.

१. सर्व्हर कोणता आणि पाहुणा कोण

घरचा सर्व्हर म्हणजे सतत चालू असणारा, राउटरला तारेने जोडलेला आणि पोटात मोठी हार्डडिस्क असलेला कॉम्प्युटर. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला तयार ‘नॅस’चा डबा असेल, हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय असेल किंवा माळ्यावर टाकलेला जुना डेस्कटॉप असेल. काम तिघांचंही सारखंच: घरातल्या फोन-लॅपटॉपना एका जागेवरचे फोल्डर वापरू देणं.

हे फोल्डर वाटून घेण्याची जी बोली आहे, तिला एसएमबी म्हणतात. तिचा जन्म १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाला, पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये घेतली. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही बोली बाकीच्या कॉम्प्युटरांनाही यावी म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. तोच आजचा सांबा. तो फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतो, आणि घरगुती नॅसच्या डब्यांतही बहुतेक वेळा तोच चालतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका हिशोबाने कळेल. लग्नाचे २,००० फोटो, एकेक ५ एमबीचा, म्हणजे १० जीबी. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखे पाठवले तर ते आक्रसून जातात. घरच्या वाय-फायवर सेकंदाला २० एमबी वेग मिळाला, तर तेच फोटो मूळ दर्जासकट ५०० सेकंदांत, म्हणजे साधारण सव्वाआठ मिनिटांत मावशीच्या लॅपटॉपवर उतरतात. इंटरनेटचा डेटा त्यात अजिबात खर्च होत नाही, कारण फोटो घराबाहेर जातच नाहीत.

आणि पाहुणा? सर्व्हरच्या दृष्टीने पाहुणा म्हणजे ज्याचं नाव त्याच्या यादीत नाही असा कुणीही. आत्या आणि खालच्या मजल्यावरचा अनोळखी मुलगा यांत सर्व्हरला काहीच फरक दिसत नाही. तो फरक आपण करून द्यायचा असतो.

२. दोन खुणांचं फोल्डर

आपल्या मुंबईच्या उपनगरांना हा विषय नवा नाही. २००० नंतरच्या दशकात केबलवाल्याने गच्चीवरून तार फिरवून अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत इमारतींना इंटरनेट दिलं. तेव्हा पुष्कळ ठिकाणी एका तारेवरची सगळी घरं एकाच नेटवर्कवर यायची. ‘माय नेटवर्क प्लेसेस’ उघडलं की शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरांची नावं समोर. कुणी गाण्यांचं फोल्डर शेअर केलेलं असे, कुणी नकळत सगळा सी ड्राइव्ह.

तेव्हा बहुतेक घरांत विंडोज एक्सपी होतं. त्याच्या होम आवृत्तीत नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’च धरला जाई, नाव-पासवर्डाचा प्रश्नच नव्हता. फोल्डर शेअर करताना दोन चौकोन दिसायचे. पहिल्यात खूण केली की फोल्डर सगळ्यांना दिसे. दुसऱ्यात केली की सगळ्यांना त्यात बदलही करता येई, म्हणजे पुसताही येई. दुसरी खूण लोक सहज करून टाकत आणि मग एखाद्या दिवशी फोल्डर रिकामं सापडे. २००४मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ने फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ही दारं बऱ्याच अंशी मिटली.

पवईत आयआयटीच्या वसतिगृहांत त्याच काळात डीसी++ या प्रोग्रॅमवर फायली वाटल्या जायच्या. तिथे आपलं फोल्डर दुसऱ्याने बघायचं आणि उतरवून घ्यायचं, एवढंच शक्य होतं. दुसऱ्याच्या फोल्डरात काही लिहिण्याची सोयच नव्हती. पाहुण्यासाठी मला हीच रीत योग्य वाटते. बघण्याची परवानगी आणि बदलण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाहुण्याला पहिली पुरते.

३. गेट, दार, कपाट

आता त्या तीन जागा. तुमच्या सोसायटीचं उदाहरण घ्या. गेटवर वॉचमन असतो, तुमच्या फ्लॅटला दार असतं आणि आत कपाटाला कुलूप असतं. वॉचमनने सोडलं म्हणून दार उघडत नाही, आणि दार उघडं म्हणून कपाट उघडत नाही.

सर्व्हरचं गेट म्हणजे वाय-फाय. दार म्हणजे सांबाचा ‘शेअर’, ज्यावर कुणाला घ्यायचं ते लिहिलेलं असतं. कपाट म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरची स्वतःची परवानगी. माणूस फाइलपर्यंत पोहोचतो तो तिघांनीही होकार दिला तरच. तिघांपैकी जो सर्वांत कडक, त्याचं चालतं.

४. गेट: वाय-फाय

गेट सताड उघडं ठेवलं तर काय होतं, हे मुंबईने २००८मध्ये पाहिलं. २६ जुलैला अहमदाबादमध्ये स्फोट झाले आणि त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या असुरक्षित वाय-फायवरून. एटीएसची चौकशी त्याच्या दारात आली. पुढच्या महिन्यात माटुंग्यातल्या एका कॉलेजचं नेटवर्क असंच वापरलं गेलं. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीचं वाय-फाय वापरलं गेलं. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीमच हाती घेतली. तेव्हा वाय-फायला पासवर्ड हवाच, फोल्डर शेअर करा किंवा न करा.

आता यातली एक अडचण, जिच्यावर पुष्कळांचा तास-दीड तास जातो. आजच्या राउटरमध्ये ‘गेस्ट वाय-फाय’ची सोय असते. पाहुणे आले की आपण तेच नाव त्यांना देतो, आणि मग सर्व्हर त्यांच्या फोनवर दिसतच नाही. सर्व्हर बिघडलेला नसतो. गेस्ट वाय-फायचं कामच मुळी असं की त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळावं आणि घरातलं दुसरं कुठलंही यंत्र दिसू नये. काही राउटरांत गेस्टला घरचं नेटवर्क दिसू देण्याचा पर्याय असतो, पण तो चालू केला की गेस्ट वाय-फाय ठेवण्याचा मूळ हेतूच जातो.

माझं मत असं: ज्यांना फोटो द्यायचे आहेत त्या जवळच्या माणसांना सणापुरतं मुख्य वाय-फाय द्या, आणि सण झाला की त्याचा पासवर्ड बदला. एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, क्लासची मुलं, फ्लॅट बघायला आलेला एजंट यांना गेस्ट वाय-फायच द्यावं.

५. दार: अनोळखी नाव आलं तर

लॅपटॉपवरून सर्व्हर उघडायला गेलं की विंडोज न विचारता तुमचं विंडोजमधलं नाव पुढे करतं. समजा मामेभावाच्या लॅपटॉपवर ‘सचिन’ आहे आणि सर्व्हरच्या यादीत सचिन नाही. काय करायचं? सांबामध्ये यासाठी एक सेटिंग आहे, त्याचे तीन पर्याय इथे महत्त्वाचे.

पहिला, कधीच नाही: यादीत नसेल तर परत पाठवा. हे सेटिंग लिहिलेलंच नसेल तर सांबा असाच वागतो. दुसरा, नाव अनोळखी असेल तर पाहुणा समजून घ्या. नाव ओळखीचं पण पासवर्ड चुकीचा असेल तर परत पाठवा. तिसरा, पासवर्ड चुकला तरी पाहुणा म्हणून घ्या.

तिसरा पर्याय वरवर उदार वाटतो, पण तो घरात कधीही ठेवू नये. तुमच्याच हातून पासवर्डात एक अक्षर चुकलं तर सर्व्हर ‘चुकलं’ असं म्हणणार नाही. तुम्हाला गुपचूप पाहुणा करून आत घेईल. मग फोटो दिसतात, कागदपत्रं उघडत नाहीत, आणि आपण डिस्क खराब झाली की काय म्हणून काळजीत पडतो. पासवर्डाशिवाय पाहुणे घ्यायचेच असतील तर दुसरा पर्याय बरा.

पाहुणा म्हणून आत आलेल्या प्रत्येकाला सांबा एकच खातं चिकटवतो. त्याचं नाव बहुधा ‘नोबडी’ असतं. दहा पाहुणे आले तरी सर्व्हरला दिसतो एकच नोबडी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथेच दुसरा एक गैरसमज. शेअर यादीतून लपवण्याची सोय सांबात आहे. ‘कागदपत्रं’ यादीत दिसत नाही म्हणून ते सुरक्षित झालं असं अनेक जण धरून चालतात. नाव ठाऊक असलेल्याने ते टाइप केलं तर लपवलेला शेअरही उघडतो. कागदपत्रांच्या शेअरवर ‘फक्त हे दोघे’ अशी नावं लिहूनच ठेवायला हवीत.

६. कपाट: चार, दोन, एक

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या. ‘शेअरवर पाहुण्यांना परवानगी दिली, तरी अ‍ॅक्सेस डिनाइड येतं.’ दार उघडलं, कपाटाला कुलूप राहिलं.

असे सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात, आणि लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरवर तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. आकडा बनतो तीन परवानग्यांच्या बेरजेने: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, फोल्डरातून आत जाण्याचा १. सगळं देणं म्हणजे ४+२+१, बरोबर ७. फक्त वाचणं आणि आत जाणं म्हणजे ४+१, बरोबर ५. काहीच नाही म्हणजे शून्य.

आता आपल्या घराचं बघू. मालक तुम्ही, गट ‘घरचे’. फोटोंच्या फोल्डरला ७५५ द्या: तुम्हाला सगळं, घरच्यांना आणि इतरांना बघणं. कागदपत्रांना ७५० द्या: इतरांच्या जागी शून्य. नोबडी मालकही नाही आणि घरच्यांच्या गटातही नाही, म्हणून त्याला कायम तिसरा आकडा लागू होतो. उद्या शेअरवर चुकून सगळ्यांना परवानगी दिली गेली, तरी तो शून्य कागदपत्रं वाचवतो. मला ७५०मधला हा शून्य साऱ्या मांडणीतला सर्वांत मोलाचा आकडा वाटतो.

मग अ‍ॅक्सेस डिनाइड का येतं? बहुतेक वेळा कारण वरच्या फोल्डरात असतं. फोटोंपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरात ‘इतरां’ना आत जाण्याचा १ हवा. लिनक्सच्या उबुंटू या प्रकारात २१.०४ आवृत्तीपासून प्रत्येकाचं होम फोल्डर ७५० असंच तयार होतं. त्याच्या आत ठेवलेल्या फोटोंना तुम्ही ७५५ दिलं तरी पाहुणा वरच अडतो. पाहुण्यांचे फोटो होम फोल्डरबाहेर, स्वतंत्र जागी ठेवणं हाच यावरचा साधा उपाय.

अडलं की कंटाळून सगळ्यालाच ७७७ देण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो घेऊ नका. ७७७ म्हणजे ज्याला कुणाला दारातून आत घेतलं, त्याच्या हाती सगळी कपाटं. आकड्यांची सवय करायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. ते बघत शेजारी हाताने करत गेलं की लवकर अंगवळणी पडतं.

७. विंडोज नाही म्हणतं तेव्हा

हे सगळं बरोबर करूनही पुतण्याच्या नव्या लॅपटॉपवर एक संदेश येतो: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे विनाओळख पाहुणा म्हणून प्रवेश मिळणार नाही. लॅपटॉप घरचा, संस्था कुठलीच नाही, त्यामुळे माणूस चक्रावतो.

हा नकार सर्व्हरचा नाही, विंडोजचा आहे. २०१७च्या अखेरीस विंडोज १०च्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांनी पासवर्डाशिवायच्या पाहुणेगिरीला मनाई केली. २०२४मध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२पासून प्रो आवृत्तीही त्यात आली. कारण पटण्यासारखं आहे. दोन यंत्रांमधल्या देवाणघेवाणीवर शिक्का मारायला लागणारी गुप्त किल्ली पासवर्डाच्या आधारे तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून शिक्का नाही. मग वाटेत कुणी फाइल बदलली, किंवा दुसऱ्याच यंत्राने ‘मीच सर्व्हर’ म्हणून सांगितलं, तर ते ओळखायला लॅपटॉपकडे काही साधन उरत नाही.

ही मनाई लॅपटॉपवर जाऊन उठवता येते, आणि तसं करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही. आपले फोटो दिसावेत म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपचं संरक्षण काढून घेणं चुकीचं आहे, कारण तो लॅपटॉप उद्या ऑफिसच्या आणि कॅफेच्या नेटवर्कवरही जाणार असतो.

त्यापेक्षा पासवर्ड नसलेला पाहुणा बंदच करा आणि सर्व्हरवर ‘पाहुणे’ नावाचं एक खरं खातं उघडा. नाव रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत ठेवा, पासवर्ड सोपा पण वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा. खातं ‘घरचे’ गटात घालू नका. सर्व्हरवर थेट लॉगिन करण्याची मुभाही त्याला देऊ नका. ७५५ आणि ७५० जसेच्या तसे लागू पडतात, कारण हे खातंही ‘इतर’मध्येच मोडतं. पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजवर लावला तरी बिघडत नाही. त्याने उघडणार आहेत ते फक्त फोटो. आयफोनच्या ‘फाइल्स’मध्ये सर्व्हरला जोडताना गेस्ट की नोंदणीकृत असं विचारतात, तिथे नोंदणीकृत निवडायचं. अँड्रॉइडवर बरीच फाइल मॅनेजर अ‍ॅप्स हे काम करतात.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी ध्यानात ठेवावी. एकाच विंडोज लॅपटॉपवरून एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जाता येत नाही. तुम्ही आधी ‘पाहुणे’ म्हणून फोटो उघडलेत आणि मग स्वतःच्या नावाने कागदपत्रं उघडायला गेलात, तर विंडोज अडवतं. साइन आउट करून पुन्हा आत या.

८. पाहुण्यांचे फोटो घ्यायचे असतील तर

आरतीचे, जेवणाच्या पंगतीचे फोटो पाहुण्यांच्या फोनमध्येही असतात आणि ते आपल्याला हवे असतात. त्यासाठी लिहिता येईल असं एक वेगळं फोल्डर करा. फोटोंच्या मूळ फोल्डरात लिहिण्याची परवानगी देऊ नका.

लिनक्समध्ये अशी सोय आहे की सामायिक फोल्डरात ज्याची फाइल त्यानेच पुसावी. ती इथे उपयोगी पडत नाही, कारण सगळे पाहुणे एकाच खात्याने आलेले असतात. आत्याने टाकलेले फोटो भाच्याच्या हातून पुसले गेले, तर सर्व्हरच्या लेखी मालकानेच स्वतःची फाइल पुसली. म्हणून त्या फोल्डरात जे येईल ते दर रात्री आपोआप दुसऱ्या, पाहुण्यांना न दिसणाऱ्या जागी हलवायची व्यवस्था करा. शक्य असेल तर त्या फोल्डरला जागेची मर्यादाही घाला, म्हणजे कुणी तासाभराचे व्हिडिओ टाकले तरी बाकीची डिस्क भरणार नाही.

९. घराबाहेरून उघडावं का

पुण्याच्या किंवा न्यू जर्सीच्या भावंडांनाही फोटो हवे असतात. त्यांच्यासाठी एसएमबीचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटकडे उघडू नका.

मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचं घातक सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते या बोलीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या दोषामुळे. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाच्या तशाच सॉफ्टवेअरने तोच दोष वापरला आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. जहाजांवरून कंटेनर उतरवणाऱ्या बंदराला जे भोवलं, ते घरच्या डब्यालाही भोवू शकतं. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या टोळीने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची घरगुती नॅस यंत्रं कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. सर्व्हरवर एसएमबीची पहिली आवृत्ती चालू असेल तर ती आजच बंद करा, राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना बाहेरची पोर्टं आपोआप उघडू देणारी सोय, बंद ठेवा, आणि बाहेरच्यांसाठी वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा.

आणि फोटोंची एक प्रत सर्व्हरपासून काढून ठेवलेल्या डिस्कवर असू द्या.

१०. पाहुणे येण्याआधी आणि गेल्यावर

ज्यावर तुमचं नाव-पासवर्ड कधीच साठवलेलं नाही असा एक फोन घ्या आणि ‘पाहुणे’ म्हणून आत जा. एक फोटो उघडा, तो उघडायला हवा. तोच पुसून बघा, पुसला जाता कामा नये. मग ‘कागदपत्रं’ हे नाव हाताने टाइप करा, तिथे नकार यायला हवा. यातलं एकही उत्तर वेगळं आलं, तर वाय-फाय, शेअर आणि फोल्डरचे आकडे याच क्रमाने तपासा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ‘पाहुणे’ खातं बंद करा, वाय-फायचा पासवर्ड बदला. खातं पुसून टाकायची गरज नाही. पुढच्या सणाला नवा पासवर्ड देऊन तेच पुन्हा चालू करता येतं.